ठमीचा मृत्यू आणि डॉक्टरांविरुद्धची तक्रार: कुठे करायची, कशी करायची?

रानजाई (शनिवार, रात्री ९.४०)

नमस्कार. इथे वाचत असते, लिहिते क्वचित. आज मदत हवी आहे म्हणून लिहितेय.

आमची ठमी, सात वर्षांची लॅब्रॅडॉर, एप्रिलमध्ये गेली. मला तिच्या डॉक्टरांविरुद्ध रीतसर तक्रार करायची आहे. डॉक्टरांचं किंवा दवाखान्याचं नाव मी लिहिणार नाही, कृपया विचारूही नका. पुण्याच्या उपनगरातला खाजगी दवाखाना आहे, एवढं पुरे. तिच्या लसीकरणापासून आम्ही तिथेच जात होतो.

ठमी फेब्रुवारीच्या अखेरीस हीटवर (माजावर) आली होती. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तिचं खाणं कमी झालं. पाण्याचं भांडं मात्र भरून ठेवलं की रिकामं. रात्री-अपरात्री उठून शूसाठी दाराशी उभी राहायला लागली, एकदा तर घरातच झाली. ही सवय तिला पिल्लू असल्यापासून कधीच नव्हती. मग उलट्या सुरू झाल्या.

सोमवारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी ताप बघितला आणि म्हणाले, उन्हाळ्यामुळे पोट बिघडलंय, गॅस्ट्रो आहे. सलाईन, दोन-तीन इंजेक्शनं, आणि घरी. हीट कधी आली होती हे त्यांनी विचारलं नाही. मी स्वतःहून सांगितलं की दीड महिन्यापूर्वी होऊन गेली, त्यावर काही बोलले नाहीत. पोट दाबून बघितलं नाही, रक्त घेतलं नाही, सोनोग्राफीचा विषयही काढला नाही.

मंगळवारी पुन्हा उलट्या. मी व्हॉट्सॲप केलं: ‘सर, ठमी खूप पाणी पितेय, नेहमीच्या तिप्पट तरी. पोटही फुगल्यासारखं वाटतंय.’ उत्तर आलं: ‘उन्हाळा आहे, पिऊ दे. पोट गॅसने. उद्या सलाईनला आणा.’

बुधवारी आणि गुरुवारी सलाईन. दोन्ही संध्याकाळी डॉक्टर दवाखान्यात नव्हते. असिस्टंटनं सुई लावली, इंजेक्शनंही त्यानंच भरली. डॉक्टर फोनवर म्हणाले, तेच चालू ठेवा. गुरुवारी रात्री ती उठेचना. हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. डॉक्टरांना फोनवर फोन केले, उचलले नाहीत. शेवटी रात्रभर उघड्या असणाऱ्या दुसऱ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टर मॅडमनी सोनोग्राफीचा प्रोब पोटावर ठेवला आणि लगेच म्हणाल्या, गर्भाशय पुवानं भरलंय, बहुतेक फुटलंही आहे. त्यांनी ऑपरेशनची तयारी सुरू केली, पण तेवढा वेळ तिच्याकडे नव्हता.

पोस्टमॉर्टेम करून घ्या, हे त्याच मॅडमनी सुचवलं. बर्फात ठेवून आम्ही तिला शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेलं. अहवाल हातात आहे: पायोमेट्रा (गर्भाशयात पू साठणं), गर्भाशय फाटून पोटभर झालेला संसर्ग.

अहवाल घेऊन मी पहिल्या दवाखान्यात गेले आणि केस पेपर मागितले. म्हणाले, आम्ही काही ठेवत नाही, फाईल तुमच्याकडेच असते. माझ्याकडच्या फाईलमध्ये त्या आठवड्याच्या पानावर काय आहे ते जसंच्या तसं लिहिते: ‘व्हॉमिटिंग. आर.एल., पॅन, ओंडा, बी कॉम्प. सी.एस.टी.’ मधली सगळी सलाईन, ॲसिडिटी आणि उलटीवरची औषधं, बी जीवनसत्त्व; शेवटचं म्हणजे तेच चालू ठेवा. बुधवार-गुरुवारच्या तारखांपुढे फक्त बरोबरची खूण. ज्या तापामुळे गॅस्ट्रो ठरवला तो किती होता, तेही कुठे नाही. निघताना मला म्हणाले, ‘वय झालं होतं मॅडम, लॅबचं असंच असतं.’

आजारी जनावर दगावू शकतं, हे मला कळतं. ती गेली म्हणून मी भांडत नाहीये. चार दिवस मी तिला त्यांच्या टेबलावर ठेवत होते, सांगत होते, आणि त्यांनी बघितलंच नाही. त्यांनी काय तपासलं आणि कशावरून गॅस्ट्रो म्हटलं, याचं लेखी उत्तर त्यांना द्यावं लागेल अशी जागा मला हवी आहे. अशी जागा आहे का? व्हॉट्सॲप चालतं का तिथे? वकील लावावाच लागतो का?

सोनकी (शनिवार, रात्री १०.०५)

रानजाई, वाचून सुन्न झाले. तशा अवस्थेत पोस्टमॉर्टेमचा निर्णय घेतलास, तिला शिरवळपर्यंत नेलंस, केवढं धैर्य लागलं असेल. कायद्यातलं मला काही कळत नाही, पण पुण्यात कुठे सोबत हवी असेल तर हक्कानं सांग.

खुरकूत (शनिवार, रात्री ११.२०)

ताई, मी पशुवैद्यक आहे. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो, आता नाशिक जिल्ह्यात प्रॅक्टिस करतो. तुमच्या ठमीबद्दल फार वाईट वाटलं. आधी आजाराबद्दल लिहितो, कारण हा धागा वाचणाऱ्या प्रत्येक मादी पाळणाऱ्याला हे माहीत असायला हवं.

हीट संपल्यावर कुत्रीच्या शरीरात प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन जवळजवळ दोन महिने चढं राहतं, गाभण असो वा नसो. त्यामुळे गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, आतला स्राव वाढतो आणि गर्भाशयाचं आकुंचन मंदावतं. तेवढ्यात जंतू वर चढले, बहुतेक वेळा ई. कोलाय, तर आत पू साठतो. म्हणून हा आजार हीटनंतर साधारण चार ते आठ आठवड्यांनी दिसतो. गर्भाशयाचं तोंड उघडं असेल तर पू बाहेर येतो, घाण वास येतो, मालकाच्या लगेच लक्षात येतं. तोंड बंद असेल तर बाहेर काहीच दिसत नाही, पोट फुगत जातं. बंद प्रकार जास्त घातक.

तहानेचं कारण असं की ई. कोलायचं विष मूत्रपिंडावर परिणाम करतं. लघवी दाट करण्याची ताकद कमी होते, पाणी नुसतं वाहून जातं, म्हणून कुत्री सतत पाणी पिते आणि सतत लघवीला जाते. ताप असेलच असं नाही, पुष्कळदा नसतो. उन्हाळ्यात कुत्रं पाणी जास्त पितं हे खरं, पण नसबंदी न झालेली मध्यमवयीन मादी, दीड महिन्यापूर्वीची हीट, भरपूर तहान, उलट्या, फुगलेलं पोट, हे सगळं एकत्र दिसल्यावर पायोमेट्रा नाही ना, हे आधी बघायचं असतं. तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही आम्ही हे विचारतो.

बघायलाही फार लागत नाही. सोनोग्राफीत पाच-दहा मिनिटांत दिसतं. ती नसेल तर एक्स-रेवर फुगलेलं गर्भाशय बहुधा दिसतं. रक्तात पांढऱ्या पेशी बऱ्याचदा खूप वाढलेल्या सापडतात, क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडाची स्थिती कळते. सलाईन आणि अँटिबायोटिकनं जनावर थोडं सावरायचं आणि गर्भाशय-अंडाशय काढून टाकायचं. वेळेवर ऑपरेशन झालं तर बहुसंख्य कुत्र्या वाचतात. गर्भाशय फुटल्यावर मात्र शक्यता झपाट्यानं कमी होते. छोट्या दवाखान्यात सोनोग्राफी नसते, माझ्याकडेही पहिली काही वर्षं नव्हती. तो दोष नाही. पण शंका घेऊन दुसरीकडे पाठवायचं असतं, आणि पाठवलं असं लिहून ठेवायचं असतं.

आता तक्रारीबद्दल, न आवडलं तरी ऐका. शिरवळचा अहवाल ठमी कशानं गेली हे सिद्ध करतो. डॉक्टरांनी हलगर्जी केली हे तो सिद्ध करत नाही. तपासणारे विचारतील की त्या सोमवारी, त्या टेबलावर, जी लक्षणं समोर होती त्यावरून साधारण कुशल पशुवैद्यकानं काय केलं असतं. म्हणून तुमचा सगळ्यात भक्कम कागद मला अहवालापेक्षा तो मंगळवारचा मेसेज वाटतो. तहान आणि फुगलेलं पोट ही दोन्ही लक्षणं डॉक्टरांपर्यंत पोचली होती, तारीख-वेळेसकट, आणि त्यांनी त्यावर काय उत्तर दिलं तेही तिथेच आहे.

कातरवेळ (रविवार, सकाळी ८.१५)

दुःखात आहात म्हणून कठोर बोलणं बरं नाही, पण कुणीतरी बोलायलाच हवं. सात वर्षांची मादी आणि नसबंदी का केली नव्हती? पायोमेट्राचा प्रश्नच आला नसता. मी प्राण्यांच्या बचावाचं काम करते, दर उन्हाळ्यात अशा कुत्र्या बघते आणि प्रत्येक घरातून ‘आम्हाला माहीत नव्हतं’ हेच ऐकते.

रानजाई (रविवार, सकाळी ९.३०)

कातरवेळ, तुमचा प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर देते. ठमी दीड वर्षाची असताना आम्ही याच डॉक्टरांना ऑपरेशनचं विचारलं होतं. ‘एकदा पिल्लं होऊ द्या, नाहीतर हार्मोनचा त्रास होतो’ असं त्यांनी सांगितलं. पिल्लांची जबाबदारी घेणं आम्हाला शक्य नव्हतं, म्हणून तीन वर्षांची झाल्यावर पुन्हा विचारलं. तेव्हा म्हणाले, आता ती जड झालीय, भूल देणं धोक्याचं, तब्येत चांगली आहे तर कशाला उगाच कापाकापी. ज्यांना त्यातलं कळतं त्यांनाच विचारलं होतं, आणि त्यांनी सांगितलं तसं केलं. हीसुद्धा माझ्या तक्रारीतली एक बाब आहे.

खुरकूत (रविवार, सकाळी १०.१०)

‘एकदा पिल्लं होऊ द्या’ याला शास्त्रात आधार नाही. एक वेत झालं म्हणून पायोमेट्रा टळत नाही आणि नंतरची तब्येतही सुधारत नाही. स्वीडनमध्ये पूर्वी कुत्र्यांची नसबंदी फारशी करत नसत आणि विमा मात्र बऱ्याच कुत्र्यांचा असे. तिथल्या विम्याच्या नोंदींवरून दिसलं की दहा वर्षांची होईपर्यंत साधारण चारातल्या एका मादीला पायोमेट्रा होतो. मोठ्या जातीच्या कुत्र्यांत नसबंदी कुठल्या वयात करावी यावर जाणकारांत मतभेद आहेत, सांध्यांच्या दृष्टीनं थोडं थांबा असं म्हणणारे आहेत. पण थांबा म्हणजे एक-दोन वर्षं. सात वर्षं नव्हे.

कातरवेळ, तुमच्या कामाबद्दल आदर आहे. पण इथे मालकीण विचारायला गेली होती. तिला दोष देऊ नका.

कातरवेळ (रविवार, सकाळी १०.४०)

हे मला माहीत नव्हतं. रानजाई, माझे शब्द मागे घेते.

तांबडं_फुटलं (रविवार, दुपारी १२.३०)

कसले नियम आणि कसल्या परिषदा? सरळ पोलिसात जा, गुन्हा नोंदवा. गूगलवर नाव-पत्ता टाकून रिव्ह्यू लिहा, फोटो टाका, चार ग्रुपवर फिरवा. उद्या दवाखान्याला कुलूप लागेल. अशा लोकांना हीच भाषा कळते.

माहुली (रविवार, दुपारी २.००)

मी साताऱ्यात वकिली करते. ग्राहक आयोगातली प्रकरणं बरीच चालवलीत, त्यात पशुवैद्यकांची अगदी थोडी. आधी तांबडं_फुटलं यांना उत्तर देते, कारण संतापात दिलेला सल्ला पाळला तर नुकसान रानजाईताईंचंच होईल.

पोलिसांकडे फारसं काही होणार नाही. भारतीय न्याय संहितेतलं कलम ३२५ प्राण्याला ठार मारणं, विष घालणं, जायबंदी करणं यासाठी आहे, पण त्यासाठी नुकसान करण्याचा हेतू किंवा जाणीव लागते. चुकीचं निदान त्यात बसत नाही. निष्काळजीपणानं जीव घेतल्याची कलमं माणसापुरती आहेत. दुचाकीखाली रस्त्यावरचं कुत्रं सापडून मेलं होतं, त्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानं डिसेंबर २०२२ मध्ये गुन्हा रद्द केला आणि माणसाच्या जिवाला धोका पोचवण्याची कलमं कुत्र्याच्या बाबतीत लावता येत नाहीत असं म्हटलं. माणसांच्या डॉक्टरांविरुद्धसुद्धा फौजदारी कारवाईसाठी ढोबळ, घोर हलगर्जी लागते, हे सर्वोच्च न्यायालयानं २००५ च्या जेकब मॅथ्यू खटल्यात सांगितलंय. नाव टाकून मजकूर फिरवला तर समोरचा अब्रुनुकसानीची नोटीस पाठवेल आणि तुमची सगळी ताकद स्वतःच्या बचावात जाईल. नाव न लिहिण्याचा ताईंचा निर्णय अगदी योग्य आहे.

आता मार्ग. दोन आहेत, दोन्ही एकाच वेळी धरता येतात.

पहिला, महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषद. कार्यालय नागपूरला. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ खाली प्रत्येक पशुवैद्यकाची नोंदणी राज्य परिषदेकडे असते. त्यांच्या वागणुकीचे नियम १९९२ चे आहेत. परिषद पैसे मिळवून देत नाही, ती व्यावसायिक गैरवर्तन बघते, आणि नोंदवहीतून नाव काढण्यापर्यंत तिचा अधिकार जातो. ताई, तुम्हाला लेखी उत्तर हवंय ना? परिषदेनं तक्रार दाखल करून घेतली की डॉक्टरांना नोटीस जाते आणि म्हणणं लेखी मांडावं लागतं. इथेच असिस्टंटचा मुद्दाही घ्या. त्या कायद्याच्या कलम ३० नुसार नोंदणीकृत पशुवैद्यकच उपचार करू शकतो. पदविकाधारकांना किरकोळ सेवांची मुभा आहे, पण देखरेखीखाली. तो असिस्टंट कोण, त्याचं शिक्षण काय, देखरेख कुणाची, हे प्रश्न परिषदेनं विचारायचे आहेत.

दुसरा, जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. फी घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ही ग्राहक कायद्यातली सेवा आहे, हे १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालापासून पक्कं झालंय. तो निकाल माणसांच्या डॉक्टरांचा, पण पशुवैद्यकांविरुद्धच्या तक्रारीही त्याच तत्त्वावर चालतात आणि काहींत भरपाईही मिळालेली आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. मुदत दोन वर्षं. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील सक्तीचा नाही. जानेवारी २०२५ पासून ऑनलाइन दाखल करायला ई-जागृती हे पोर्टल आहे.

तज्ज्ञाचं मत हवंच का, तर प्रत्येक प्रकरणात नाही. हैदराबादच्या एका रुग्णालयात मलेरियाच्या रुग्णावर टायफॉइडचे उपचार झाले होते. त्या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की दरवेळी तज्ज्ञ लागतोच असं नाही. तरीही तुमच्या बाबतीत घ्या. रात्रीच्या दवाखान्यातल्या मॅडमनी सोनोग्राफीत काय दिसलं ते लेटरहेडवर लिहून दिलं तर मोठाच आधार होईल.

व्हॉट्सॲप चालतं. चॅट पुसू नका, मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सेटिंग बंद आहे ना बघा, पूर्ण चॅट एक्सपोर्ट करून ठेवा आणि त्या फोनला सध्या रीसेट वगैरे करू नका. छापील प्रतीसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडा. पैसे जीपेनं दिले असतील तर त्या नोंदीही काढा. फी दिली होती हे त्यावरूनच दिसेल.

शिवारकर (रविवार, सायंकाळी ५.४५)

आम्ही संगमनेर तालुक्यातले, गायी सांभाळतो. शहरातल्या लोकांना पीएम (पोस्टमॉर्टेम) म्हटलं की अंगावर काटा येतो असं दिसतं. आमच्याकडं विम्याची गाय मेली की पीएम होतंच, त्याशिवाय कंपनी दमडी देत नाही. कानातला बिल्ला, फोटो, पंचनामा, डॉक्टरांचा दाखला, सगळं त्याच दिवशी. म्हणून आमच्या माणसांना कागदाची सवय लागलीय. गोठ्यात एक वही आहे: गाय कधी माजावर आली, कधी भरवली (रेतन केलं), कुठलं औषध, कोण डॉक्टर. डॉक्टर आले की वहीत सही घेतो. सुरुवातीला एकाला राग आला होता, आता तेच म्हणतात वही आणा.

ताई, तुमच्या कुत्रीची फाईल तुमच्याकडं असूनही तिच्यात काही नाही, हे वाचून वाईट वाटलं. सरकारी दवाखाना असता तर माहिती अधिकारात केस रजिस्टरची नक्कल मागता आली असती. खाजगीला ते लागू नाही.

उंबरा (रविवार, रात्री ८.२०)

रानजाई, तुमच्याबद्दल पूर्ण सहानुभूती ठेवून दुसरी बाजूही मांडते. माझी बहीण छोट्या प्राण्यांची डॉक्टर आहे. रक्त तपासू म्हटलं की मालक म्हणतात, कुत्र्याचं कसलं रक्त, एक इंजेक्शन देऊन टाका. सोनोग्राफी सांगितली की दुसऱ्या दिवशी ‘पैसे उकळतात’ असा रिव्ह्यू. त्याच मालकाचं जनावर दगावलं की मग तपासणी का केली नाही म्हणून तोच ओरडतो. एकदा तिच्या दवाखान्याची काच फोडली होती, रात्री एकटीनं बसायची भीती वाटते तिला. सगळ्यांना एका मापानं मोजू नये, एवढंच म्हणणं आहे.

रानजाई (रविवार, रात्री ९.००)

उंबरा, तुमच्या बहिणीबद्दल वाईट वाटलं आणि काच फोडणाऱ्यांचा रागही आला. पण आम्हाला तपासणी सुचवली असती आणि आम्ही नाही म्हटलं असतं तर हा धागा निघालाच नसता. सुचवलीच नाही. आणि मी सगळ्या डॉक्टरांना बोलत नाहीये. ज्या मॅडमनी पहाटे ठमीला बघितलं त्याही डॉक्टरच. त्यांनी पोस्टमॉर्टेम सुचवलं नसतं तर ‘वय झालं होतं’ यावर आम्ही आजही विश्वास ठेवून बसलो असतो.

खुरकूत (रविवार, रात्री ९.४५)

उंबरा ताई, बहिणीला एक सुचवा. मालकानं तपासणीला नाही म्हटलं की केस पेपरवर ‘सोनोग्राफी सुचवली, मालकांनी नाकारली’ असं लिहायचं आणि खाली मालकाची सही घ्यायची. मी हे करायला लागल्यापासून दोन गोष्टी झाल्या. निम्मे मालक सही करताना थांबतात आणि तपासणीला हो म्हणतात. उरलेल्यांशी नंतर वाद होत नाही. केस पेपर नीट असेल तर ज्या डॉक्टरनं काम मनापासून केलंय त्याला काही भीती नाही. या प्रकरणात डॉक्टरांनी खरंच पोट तपासलं असेल, तापमान घेऊन विचार केला असेल, तरी आज ते त्यांना दाखवता येणार नाही. असं का, हे त्यांनी स्वतःला विचारावं. आमच्या व्यवसायातल्या पुष्कळांनी विचारावं.

पोस्टमॉर्टेमबद्दल इतरांसाठी थोडं. शव बर्फाच्या पिशव्यांत किंवा गार जागी ठेवा, डीप फ्रीझरमध्ये नको. गोठवलं की पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली नीट काही कळत नाही. जितकं लवकर तितकं चांगलं, चोवीस तासांच्या आत तर नक्कीच, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याहूनही आधी. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. निघण्याआधी फोन करून विकृतीशास्त्र विभागात कुणी आहे का विचारा. ज्या डॉक्टरांबद्दल शंका आहे त्यांच्याकडूनच पीएम करून घेऊ नका.

बोरूबहाद्दर (सोमवार, सकाळी ११.००)

माणसांच्या रुग्णालयांना मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यावे लागतात ना? तोच नियम दाखवून केस पेपर मागता येतील.

माहुली (सोमवार, सकाळी ११.३५)

तो नियम मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमावलीतला आहे, माणसांच्या डॉक्टरांसाठी. पशुवैद्यकांच्या बाबतीत त्यावर बोट ठेवलं तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला तो मुद्दा खोडून काढेल. तरी लेखी मागणी जरूर करा. स्पीड पोस्टानं पत्र पाठवा: अमुक तारखांना माझ्या कुत्रीवर उपचार झाले, तपासणीच्या नोंदी, दिलेली औषधं आणि त्यांच्या मात्रा, ती देणाऱ्या व्यक्तीचं नाव, हे पंधरा दिवसांत द्यावं. नोंदी दिल्या तर पुढचं बोलणं त्यावर होईल. ‘आम्ही नोंदी ठेवत नाही’ असं लेखी कळवलं तर तेच परिषदेपुढे ठेवा. उत्तरच दिलं नाही तर पत्राची प्रत आणि पोचपावती जोडा.

रानजाई (बुधवार, रात्री १०.१५)

सगळ्यांचे मनापासून आभार. आज काय ठरवलं ते सांगते.

रात्रीच्या दवाखान्यातल्या मॅडमना भेटले. मला वाटलं होतं दुसऱ्या डॉक्टरविरुद्ध लिहून द्यायला त्या कचरतील. त्या म्हणाल्या, मी कुणाविरुद्ध लिहिणार नाही, मी काय बघितलं ते लिहीन. गर्भाशयाची फुगलेली शिंगं (दोन शाखा), त्यांचा व्यास, पोटातला द्रव, हिरड्यांचा रंग, शरीराचं तापमान, आणल्याची वेळ, सगळं त्यांनी एका पानावर लिहून सही-शिक्क्यासह दिलं. खाली त्यांचा नोंदणी क्रमांक. तेव्हा लक्षात आलं की आमच्या फाईलवर पहिल्या डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक कुठेच नाही.

केस पेपर मागणारं पत्र काल पाठवलं. परिषदेच्या तक्रारीचा मसुदाही केलाय. त्यातला मुख्य परिच्छेद टाकते, सुधारणा सुचवा:

‘माझ्या कुत्रीला दीड महिन्यापूर्वी हीट येऊन गेल्याचे मी तपासणीच्या वेळी तोंडी सांगितले. अतिरिक्त तहान व पोट फुगल्याचे दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर लेखी कळवले. असे असूनही उपचाराच्या संपूर्ण काळात गर्भाशयाच्या आजाराची शक्यता तपासण्यात आली नाही, कोणतीही चाचणी केली वा सुचवली गेली नाही, व अन्यत्र पाठवण्यात आले नाही. दोन दिवशी इंजेक्शने व सलाईन डॉक्टरांच्या अनुपस्थितीत साहाय्यकाने दिले. या निष्काळजी व निर्दयी डॉक्टरने माझ्या कुत्रीचा जीव घेतला असून त्यांना जन्माची अद्दल घडवावी.’

ग्राहक आयोगाचं परिषदेच्या नोटिशीनंतर बघू. पैशांसाठी नाही, पण माहुली म्हणतात तशी दोन वर्षांची मुदत आहे, ती हातची जाऊ द्यायची नाही.

माहुली (गुरुवार, सकाळी ७.५०)

मसुदा उत्तम आहे, शेवटचं वाक्य सोडून. ते काढा. त्याआधीच्या वाक्यांत सगळं आलंय आणि ती खोडणं अवघड आहे. ‘निर्दयी’ सिद्ध करावं लागेल, ‘चाचणी सुचवली गेली नाही’ हे फाईलच सांगते. त्या जागी मागणी लिहा: सदर बाबींची चौकशी व्हावी, उपचाराच्या नोंदी मागवाव्यात, साहाय्यकाची अर्हता तपासावी.

डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक राज्य परिषदेच्या नोंदवहीत सापडेल, तो नावापुढे घाला. नसबंदीच्या सल्ल्याचा परिच्छेद वेगळा ठेवा आणि त्याचा लेखी पुरावा नसेल तर ‘तोंडी सांगितले’ असं स्पष्ट म्हणा. सोबत स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र जोडा. शिरवळच्या अहवालाची मूळ प्रत कुणालाही देऊ नका, साक्षांकित प्रतच लावा.

रानजाई (गुरुवार, सकाळी ८.२०)

शेवटचं वाक्य काढलं. प्रतिज्ञापत्रासाठी आज दुपारी नोटरीकडे जातेय. सोनकी, येशील का सोबत?

सोनकी (गुरुवार, सकाळी ८.२५)

येते. वेळ आणि जागा कळव. आधार कार्ड आणि दोन फोटो घेऊन ठेव, तिथे लागतात.